मदत हवी आहे: शेजारच्या बाई सिटी कौन्सिलला उभ्या आहेत, प्रचार कसा करू?

नमस्कार मंडळी, मी ह्यूस्टनजवळच्या एका छोट्या शहरात राहते. आमच्या समोरच्या बाई कृष्णवर्णीय आहेत, 31 वर्षं शाळेत शिकवून रिटायर झाल्या, आणि मे महिन्यात सिटी कौन्सिलला उभ्या राहतायत. लेक तापाने फणफणली होती, नवरा बाहेरगावी, तेव्हा रात्री दोनला गाडी काढून याच आम्हाला दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या, त्यामुळे मला मनापासून काम करायचंय.

अडचण अशी की इथे प्रभाग पद्धत नाही, प्रत्येक सीटला अख्खं शहर मत देतं. आमच्या चार गल्ल्यांत त्यांना भरभरून मतं पडतात, पलीकडे कोणी ओळखत नाही, मागच्या वेळी तशाच पडल्या. ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय नेत्या बार्बरा जॉर्डनचं हेच झालं होतं, 1962 आणि 1964 ला टेक्सास विधानसभेसाठी पूर्ण हॅरिस काउंटीतून (म्हणजे ह्यूस्टनचा अख्खा जिल्हा) मतदान, दोन्ही वेळा हरल्या. मग कोर्टाच्या निकालांमुळे मतदारसंघ नव्याने आखले गेले, पोल टॅक्स, म्हणजे मत देण्यासाठी भरावा लागणारा कर, तोही गेला आणि 1966 ला त्या स्टेट सिनेटवर निवडून आल्या, 1883 नंतरच्या पहिल्या कृष्णवर्णीय सिनेटर! आपल्याकडे पंचायतीत बायकांना निम्म्या जागा राखीव तरी असतात, इथे तसं काहीच नाही, पैसे आणि माणसं आपणच जमवायची.

शनिवारी त्यांच्यासोबत दारोदार फिरले. बेल वाजवली की त्या आधी दोन पायऱ्या खाली उतरून उभ्या राहतात, हात आणि पत्रकं समोरच्याला दिसतील अशी. मागे एकाने पोलिसांना फोन केला होता म्हणे. मी बेल वाजवते तेव्हा मला हे सुचतही नाही, घरी येऊन खूप रडले.

तर विचारायचं होतं, प्रभाग नसलेल्या गावात कोणी प्रचार केलाय का, अनोळखी भागात सुरुवात कुठून करायची? कुठे सह्या गोळा करून प्रभाग पाडून घेतलेत का? आणि आपल्या मंडळातली सिटिझन झालेली कितीतरी घरं लोकल इलेक्शनला मतदानालाच जात नाहीत, त्यांना कसं तयार करू? माझं अजून ग्रीन कार्डच आहे, मत देता येत नाही, पण वर्गणी देता येते आणि फिरता येतं, ते करतेच आहे.

एप्रिलच्या शेवटी अर्ली व्होटिंग सुरू होतंय, त्याआधी प्लीज लिहा.