फेज-फील्डमधला 'एल' हा मटेरियलचा गुणधर्म आहे की आपण ठरवलेला आकडा?

तडा_मापक:
फ्रॅक्चरच्या सिम्युलेशनमध्ये हल्ली जो तो फेज-फील्ड वापरतोय, क्रॅकची धारदार रेघ काढण्याऐवजी ती एका पट्ट्यात पसरवायची आणि पट्टा किती रुंद हे ठरवणारी लांबी म्हणजे एल. फ्रँकफोर्ट आणि मारिगो यांनी 1998 मध्ये ग्रिफिथची एनर्जीची कल्पना (तडा वाढवायला लागते तेवढी एनर्जी सुटली की तो वाढतो) नव्याने मांडली, ती कॉम्प्युटरवर सोडवता यावी म्हणून 2000 मध्ये बूर्दँ त्यात आले आणि हा पट्टा आला, एल शून्याकडे नेला की ग्रिफिथ परत मिळतो हा तिथला आधार. म्हणजे एल ही गणिताची सोय होती. आता मात्र लोक बिनधास्त 'मटेरियल पॅरामीटर' लिहून मोकळे होतात. क्रॅक नसलेल्या नमुन्यात एल अर्धा केला की ताकद जवळपास 1.4 पट होते! असा आकडा कारण न देता टेबलात टाकणं मला तरी पटत नाही.

जाळीवाला:
नाही पटलं. ग्रिफिथच्या हिशोबात ताकद नावाची गोष्टच नाही, गुळगुळीत सळई कुठे तुटेल हे तो सांगूच शकत नाही. तिथे एल कामाला येतो. एटी1 या फेज-फील्डच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये एल = 3 ई जीसी भागिले 8 सिग्मा वर्ग; ई म्हणजे मटेरियलचा ताठपणा, जीसी म्हणजे तडा वाढवायला दर क्षेत्रफळामागे लागणारी एनर्जी, सिग्मा म्हणजे ताणातली ताकद. काच घ्या, ई 70 गिगापास्कल, जीसी 8 ज्यूल प्रति चौरस मीटर, ताकद 40 मेगापास्कल, एल येतो साधारण 0.13 मिमी. तिन्ही आकडे टेस्टमधून येतात, मनाचं काही नाही. मग तो मटेरियलचा का नाही म्हणायचा?

तडा_मापक:
हेच सूत्र काँक्रीटला लावून बघा ना. ई 30 गिगापास्कल, जीसी 100 ज्यूल प्रति चौरस मीटर, ताकद 3 मेगापास्कल, एल आला 125 मिमी. टेस्टचा बीमच 100 मिमी खोल, पट्टा बीमपेक्षा मोठा, आता क्रॅक दाखवायचा कुठे? आणि काचेचे ते 40 तरी कुठले? काचेची ताकद पृष्ठभागावरच्या ओरखड्यांवर ठरते, ग्रिफिथने 1921 मध्ये काचेचे धागे ओढून हेच दाखवलं, धागा बारीक तसा मजबूत. म्हणजे तुमचा एल काचेचा नाही, त्या ओरखड्यांचा आहे.

जाळीवाला:
ओरखड्यांचा मुद्दा मान्य, तो जोरदार आहे. पण मोठा नॉच, म्हणजे आधीच कापलेली खाच, असलेल्या नमुन्यात एल थोडा इकडेतिकडे झाला तरी पीक लोड फारसा हलत नाही, तिथे जीसीच राज्य करतो. बरीच कामं तशीच असतात, त्यासाठी सगळ्या पद्धतीवर का राग?

काँक्रीटकर:
मधे बोलतो. काँक्रीट दाबात ताणाच्या सुमारे दहापट ताकदवान, एकटा एल दोन्हीकडची ताकद कसा सांभाळणार? एनर्जीचे ताण आणि दाब असे भाग केले तरी ते आपोआप जुळत नाही. लोपेझ-पामीस वगैरे संशोधक मंडळी म्हणतात की ताकद ही स्वतंत्र गोष्ट म्हणूनच मॉडेलमध्ये द्यावी, मला ते पटतं. दुसरी वाट वू यांची, 2017 ची, तिथे सॉफ्टनिंगचा वक्र (तडा उघडत जाताना ताकद कशी उतरते तो) आणि ताकद वेगळी देता येते, एल पुरेसा लहान असला की उत्तर त्याच्यावर फार अवलंबून राहत नाही. काँक्रीटला मी तरी हेच वापरतो.

मेश_त्रस्त:
तुम्ही सगळे तत्त्वावर भांडताय, मी मेशवर, म्हणजे नमुन्याचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडणाऱ्या जाळीवर अडलोय. काचेचा 0.13 मिमी घ्या, एलच्या लांबीत किमान चार एलिमेंट हवेत, म्हणजे 0.03 मिमीचा एलिमेंट. 100 मिमी बाय 100 मिमीच्या प्लेटवर सरसकट तशी जाळी घातली तर एक कोटीच्या वर एलिमेंट, आणि हे नुसतं टूडी! क्रॅकच्या वाटेवरच बारीक करायचं तर वाट आधी माहीत पाहिजे, आणि तीच तर शोधायची असते. मग लोक मेश परवडेल तेवढा घेतात आणि एल त्याच्या मागून ठरतो. मी पण केलंय, रात्री साडेअकराला रन पाचव्यांदा डायव्हर्ज झाला, म्हणजे उत्तराला न पोचताच फिसकटला, की एल दुप्पट करून टाकला.

तडा_मापक:
हेच, हेच मला म्हणायचं होतं. दुप्पट केलात ते ठीक, रिपोर्टमध्ये लिहिलंत का? जाळीवाला, तुमचं नॉचवालं म्हणणं मी मान्य करतो, पण मग दोन वेगळ्या एलचे लोड-डिस्प्लेसमेंट वक्र एकाच ग्राफवर टाकायला काय हरकत आहे? वक्र एकमेकांवर बसले तर मी गप्प.

जाळीवाला:
टाकतो. नॉचचा नमुना माझ्याकडे तयार आहे, एल 0.13 आणि 0.26, दोन्ही रन लावतो. गुळगुळीत सळईचे पण लावतो, तिथे तुम्हीच बरोबर निघणार हे मला आत्ताच दिसतंय.