शब्दचर्चा : 'कित्ता', 'दिवठणी' आणि 'पडू द्या'

सोलापूरची
आमच्या मंडळीत मी संडे स्कूल घेते. गेल्या रविवारी मुलांना बायबलमधलं १ तीमथ्य ४:१२ पाठ करायला दिलं. भाषण, वर्तन, प्रीती, विश्वास आणि शुद्धता ह्यांविषयी 'विश्वास ठेवणाऱ्यांचा कित्ता हो', असं प्रेषित पौल तरुण तीमथ्याला पत्रात सांगतो. पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, कित्ता म्हणजे काय?" मी 'उदाहरण' असं सांगून मोकळी झाले. तिने लगेच विचारलं, "गणितातलं?" ते डोक्यातून जाईना. माणसाने कित्ता व्हायचं म्हणजे नेमकं काय? आणि मत्तय ५:१५ मध्ये येशू म्हणतो, दिवा लावून कोणी मापाखाली ठेवत नाही, तर दिवठणीवर ठेवतात. ती 'दिवठणी' ह्या मुलांना कशी समजावू? एकाच्याही घरात ती नाही.

पाटीपेन्सिल
ताई, मी ख्रिस्ती नाही, निवृत्त शिक्षक आहे. पण कित्ता हा आमच्या घरचाच शब्द. अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि पंतोजींच्या शाळेत रुळला. गुरुजी वळणदार अक्षराचा नमुना लिहून देत, मूल त्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवी. ह्या हात फिरवण्याला म्हणायचं गिरवणे. उदाहरण ऐकून सोडून देता येतं, कित्त्यावर मात्र हात चालवावा लागतो, आणि पहिले कित्येक दिवस अक्षर वाकडंच येतं. वर्तमानपत्रांत हल्ली 'आधीच्यांचाच कित्ता गिरवला' हे बहुतेक वेळा वाईट गोष्टीबद्दल छापून येतं, त्याचं मला फार वाईट वाटतं. कित्त्यासाठी गुरुजी आपलं सगळ्यांत चांगलं अक्षर काढत असत.

नगरकर
गुरुजी, तुमचं वाचून मी उठून पवित्र शास्त्र उघडलं. १ पेत्र २:२१ मध्येही हाच शब्द आहे: ख्रिस्ताने आपल्याकरता 'कित्ता घालून दिला'. तिथला मूळ ग्रीक शब्द 'हुपोग्राम्मोस'. हुपो म्हणजे खाली, ग्राम्मा म्हणजे अक्षर. मुलांनी गिरवावं म्हणून लिहून दिलेली अक्षरं! नव्या करारात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो. भाषांतर करणाऱ्यांनी तिथे 'आदर्श' लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांनी शाळेतला शब्द उचलला. त्यांना माझा नमस्कार.

तो कोणाला सांगितलाय तेही बघा. अन्यायाने मार खाणाऱ्या घरच्या चाकरांना. पुढच्या ओळींत कित्त्यातली अक्षरंही दिली आहेत: त्याची निंदा झाली तेव्हा त्याने उलट निंदा केली नाही, दुःख सोसताना धमकावलं नाही. गिरवायला कठीण वळण आहे हे.

तीमथ्याच्या वचनात मात्र ग्रीक शब्द वेगळा आहे, 'तुपोस', म्हणजे ठसा. मराठीत दोन्हीकडे कित्ता झाल्यामुळे एक गोष्ट छान जुळून आली. तीमथ्य स्वतः ख्रिस्ताचा कित्ता गिरवतोय, आणि त्याची ती गिरवलेली पाटी बघून दुसरे गिरवणार आहेत.

सोलापूरची
पण दादा, 'माझा कित्ता गिरवा' असं आपल्या तोंडाने कसं म्हणायचं? मला तर संकोच वाटतो. मत्तय ६:१ मध्ये येशूच सांगतो, लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका.

वसईकर
मला तरी ह्याचं उत्तर मत्तय ५:१६ च्या क्रियापदात सापडतं. 'तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या.' 'पाडा' असं नाही, 'पडू द्या'. 'उजेड पाडणे' म्हटलं की मराठीत लगेच टोमणा होतो, 'मोठा उजेड पाडलास!' पाडायला गेलं की नजर स्वतःकडे वळते. पडू द्यायचा तर आपण फक्त आड यायचं नाही. त्या वाक्याचा शेवटही बघा, लोकांनी सत्कर्मं पाहून गौरव करायचा तो स्वर्गातल्या पित्याचा, दिव्याचा नाही.

दिवठणी म्हणजे दिवा ठेवायची उंच बैठक. मुलांना कोनाडा किंवा समई दाखवा, कळेल. येशूच्या गालील प्रांतातलं गरिबाचं घर बहुधा एका खोलीचं, दिवा मातीचा, तळहातावर मावेल एवढा, जैतुनाच्या तेलाचा. उंचावर ठेवला तर तेवढ्यात 'घरातील सर्वांना' पुरतो. 'माप' म्हणजे धान्य मोजायचं भांडं, रोमी मोदियुस, साधारण पावणेनऊ लिटरचं. असं भांडं दिव्यावर उपडं घातलं की उजेड झाकतो, आणि थोड्या वेळाने हवा न मिळून दिवाही विझतो. लपवलेला विश्वास आत सुरक्षित राहतो असं आपल्याला वाटतं. मी स्वतः कॉलेजात असताना तो असाच झाकून ठेवला होता, म्हणून हे कळवळून लिहितोय.

आमच्याकडे पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणविधीत सगळं चर्च काळोखात असतं. पास्काची एक मोठी मेणबत्ती आत येते आणि तिच्यावरून हातोहात सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटतात. आपली ज्योत शेजाऱ्याची असते आणि त्याची त्याच्या शेजाऱ्याची. तिथे कोणाला संकोच वाटलेला मी पाहिला नाही.

नगरकर
ह्यावरून पंडिता रमाबाई आठवल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावला आसरा दिला. तिथे अंध स्त्रियांसाठी जे घर होतं त्याचं नाव बार्तीमी सदन. येशूने दृष्टी दिलेल्या यरीहोच्या आंधळ्या बार्तीमयावरून ठेवलेलं. साध्या बायकांनाही समजावं म्हणून बाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली देह ठेवला तोवर त्या ह्याच कामात होत्या. 'सत्कर्मे' ह्या शब्दाचा अर्थ कोणी विचारला तर मी केडगाव दाखवतो. 'सत्कर्मे पाहून' मधल्या 'सत्'साठी ग्रीकमध्ये 'कालोस' आहे, आणि त्यात सुंदर हाही अर्थ येतो.

पाटीपेन्सिल
सुंदर! म्हणजे पुन्हा वळणदार अक्षरच की.

सोलापूरची
सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊबाईंकडे जुनं मापटं आहे, ते मागून घेतलंय. येत्या रविवारी पणती, मापटं, एक स्टूल आणि चार पाट्या नेणार. एका पाटीवर मी 'क्षमा' लिहीन, माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात. गुरुजी, 'क्ष' कुठून सुरू करायचा तेवढं सांगाल का? माझा नेहमी बिघडतो.

पाटीपेन्सिल
डावीकडच्या वरच्या गाठीपासून, ताई. आणि सावकाश.