सीईटीला 93 पर्सेंटाइल, सिव्हिल की कॉम्प्युटर? सल्ला हवा

साताऱ्याचा_मामा: नमस्कार मंडळी. भाचीला इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, एमएचटी-सीईटीत, 93 पर्सेंटाइल, बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) 78 टक्के. ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. कॅपचा, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा, ऑप्शन फॉर्म (कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम) भरायचाय. तिला सिव्हिल हवंय, घरच्यांना कॉम्प्युटर. होस्टेल-मेस धरून वर्षाला दीड लाखाच्या वर झेपणार नाही.

कोडकुमार: कॉम्प्युटर. विषय संपला. पोराला मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं, चार वर्षांत अठरा लाख गेले, पण आज बेंगळुरूला आहे.

साताऱ्याचा_मामा: दीड लाख लिहिलंय हो वर.

कोडकुमार: शिक्षणात पैसे बघू नयेत.

कोकणची_काकू: +1 कॉम्प्युटर. 93 टक्के म्हणजे कुठेही मिळेल. पुण्याचं सीओईपी टाका, मुंबईचं व्हीजेटीआय टाका.

गणितमास्तर: काकू, टक्के नव्हेत, पर्सेंटाइल. शंभरातली 93 मुलं तिच्या बरोबरीने किंवा मागे, एवढाच अर्थ. मार्क 200 पैकी असतात. गणिताला प्रश्नामागे दोन, फिजिक्स-केमिस्ट्रीला एक. चुकलं तर वजा नाही.

कोकणची_काकू: वजा असतात. माझ्या पुतण्याचे गेलेत.

गणितमास्तर: ती जेईई मेन.

कोकणची_काकू: असेल. पण गेलेत ना.

पवईचे_बाबा: आमची लेक आयआयटीत आहे म्हणून सांगतो, सीईटीच्या नादी लागायलाच नको होतं. जेईई मेन, मग जेईई ॲडव्हान्स्ड, आणि बारावीला 75 टक्के. भाचीचे 78 आहेतच की!

साताऱ्याचा_मामा: बाबा, तिने जेईई दिलेली नाही.

हात_पोळलेला: फॉर्मबद्दल कुणी बोलतच नाहीये, म्हणून माझी रड ऐका. 2025 पासून कॅपच्या चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की सीट आपोआप फ्रीझ (म्हणजे तीच घ्यायची), दुसरीत पहिल्या तीनपैकी काहीही, तिसरीत पहिल्या सहापैकी. शेजाऱ्यांच्या आग्रहाने आम्ही एक कॉलेज ‘असू दे’ म्हणून तिसऱ्या नंबरवर टाकलं. दुसऱ्या फेरीत नेमकं तेच लागलं. घ्या, नाहीतर कॅपमधून बाहेर! पोरगा रोज एसटीने पन्नास किलोमीटर जातो आणि जाताना शेजाऱ्यांच्या दाराकडे बघत नाही. वरच्या सहांत मनापासून हवं तेवढंच टाका.

खडी_वाळू: मी सिव्हिल, सतरा वर्षं साइटवर. स्लॅब पडायचा तर रात्री दोनलाही उभं राहावं लागतं. मुलीला नको.

बीम_कॉलम: मी पण सिव्हिल, आणि मुलगी. स्ट्रक्चरल डिझाइन करते. रात्री दोनला झोपलेली असते.

खडी_वाळू: तुमच्या ड्रॉइंगमधला सळ्यांचा गुंता आम्हीच सोडवतो, ताई.

बीम_कॉलम: ड्रॉइंग वाचलं असतं तर गुंता झाला नसता. अवांतर थांबवते. मामा, 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या ओबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधूनच हवा. कोडकुमारांच्या वाटेने गेलात तर नाही. नॉन-क्रीमी लेअर आणि जात वैधतेचे दाखले आत्ताच बघा. आणि गेटवर ‘एनबीए’चा बोर्ड दिसला की भुलू नका. दर्जाची मान्यता असते ती; नॅकची अख्ख्या कॉलेजला, एनबीएची एकेका शाखेला. सिव्हिलला आहे का, ते विचारा.

कोकणची_काकू: फी माफ आहे तर मग कॉम्प्युटरच घ्या की.

साताऱ्याचा_मामा: सगळ्यांचे आभार. काल रात्री फॉर्म भरला. अकरा पर्याय, अकराही सिव्हिल. बहीण माझ्याशी बोलत नाहीये.

कोडकुमार: अहो, लॉक केला नसेल तर बदला अजून!

साताऱ्याचा_मामा: भाचीनेच केला लॉक. ओटीपी माझ्या मोबाइलवर आला तेव्हा मला कळलं.