फ्रेंचचा फ्युतुर आंतेरिअर, मदत हवी आहे

बी१ या फ्रेंचच्या परीक्षेची तयारी करतेय. फ्युतुर आंतेरिअर म्हणजे भविष्यात दुसऱ्या कामाआधी पूर्ण झालेलं काम सांगणारा काळ. तो बनवायचा कसा ते कळलंय, आव्हुआर (जवळ असणं) किंवा एत्र (असणं) या क्रियापदाचा साधा भविष्यकाळ घ्यायचा आणि पुढे मुख्य क्रियापदाचं पार्तिसिप पासे (काम झाल्याचं रूप), म्हणजे 'जोरे फिनी' (मी संपवलेलं असेल), 'एल सरा पार्ती' (ती गेलेली असेल), आणि एत्र असलं की कर्त्याप्रमाणे शेवटी ई किंवा एस लावायचा, इथवर ठीक.

अडतंय ते वापरताना. 'काँ जोरे फिनी, ज तापेलरे' (माझं संपलं की तुला फोन करेन), यात आधी संपणारं काम या काळात जातं हे पटतं, पण 'आप्रे क' (अमुक झाल्यानंतर) याच्या पुढेही हाच काळ येतो ना? आणि दोन्हीकडे कर्ता एकच असेल तर सरळ 'आप्रे आव्हुआर फिनी' (संपवल्यावर) म्हणणं जास्त बरं का?

शिवाय 'इल ओरा राते सों ट्रें' म्हणजे त्याची ट्रेन चुकली असेल, हा निव्वळ अंदाज, मग ऐकताना भविष्य की अंदाज हे नक्की कशावरून ओळखता? कोणी उदाहरणं देऊन सांगाल का प्लीज?