सीए फाउंडेशन चार गुणांनी गेलं. सप्टेंबरला बसवावं की जानेवारीला?

सुदामानगरकर, इंदूर
लेकीचा सीए फाउंडेशनचा, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेचा, निकाल लागला. अकाउंट्स 46, लॉ 38, मॅथ्स-स्टॅट्स 52, इकॉनॉमिक्स 60. एकूण 196. तेव्हापासून धड जेवत नाही, पुस्तकाला हात लावत नाही. पेपर नीट तपासलाच नाही, असं तिचं म्हणणं. क्लासवाले म्हणतात सप्टेंबरचा फॉर्म लगेच भरा. घरातली मंडळी म्हणतात दमानं घ्या, जानेवारीत बघू. पेपर पुन्हा तपासून मिळतो का? आणि इकॉनॉमिक्समध्ये 60 आहेत, तर तो पेपर सुटतो का? जाणकारांनी सांगावं.

लॉ शिकवणारा
ताई, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. फक्त चार गुणांनी गेलेलं नाही. फाउंडेशनला दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: प्रत्येक पेपरात किमान 40 आणि चारही मिळून किमान 200. तिच्या दोन्ही अटी हुकल्यात. बेरीज 205 असती तरी लॉच्या 38 मुळे निकाल हाच लागला असता. म्हणून दुरुस्ती लॉपासून सुरू करायची.

60 ची सूट इंटरमीजिएटला, म्हणजे पुढच्या टप्प्याच्या परीक्षेला असते, फाउंडेशनला नाही. चारही पेपर पुन्हा द्यावे लागतील. मुलं इथेच फसतात. पास झालेला पेपर कपाटात जातो, आणि पुढच्या वेळी तोच घसरतो.

पुनर्तपासणी म्हणाल, तर उत्तरं नव्यानं तपासून गुण वाढवत नाहीत. पडताळणीत एवढंच बघतात, की एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, बेरीज चुकली का. त्याचे पेपरामागे 100 रुपये. उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत 500 रुपयांना मिळते. दोन्हींसाठी निकालापासून 30 दिवसांत अर्ज करायचा. लॉची प्रत नक्की मागवा, पण गुण वाढतील या आशेनं नाही, ते कुठे गेले हे कळायला. आणि प्रत येईपर्यंत फॉर्म अडवून ठेवू नका, मुदत निघून जाईल.

लॉमध्ये गुण बहुधा पाठांतर कमी पडल्यानं जात नाहीत, मांडणीत जातात. उदाहरणार्थ: सतरा वर्षांच्या मुलानं वय लपवून कर्ज घेतलं, सावकाराला पैसे परत मिळतील का? बरीच मुलं थेट 'नाही मिळणार, तो मायनर (अज्ञान) आहे' लिहून मोकळी होतात. उत्तर बरोबर, गुण मात्र जेमतेम. तीन परिच्छेद हवेत. पहिल्यात कायदा: करार कायदा 1872, कलम 11, मायनरचा करार मुळातच शून्य, शिवाय वय खोटं सांगितलं तरी 'तूच सांगितलं होतंस' असं म्हणून त्याला करारात बांधता येत नाही. मायनरचा करार शून्य ठरवणारा 1903 चा मोहरीबीबी खटला आठवत असेल तर इथे लिहायचा. दुसऱ्यात प्रश्नातली माणसं आणि घटना घेऊन तो कायदा लावून दाखवायचा. तिसऱ्यात एका ओळीत निष्कर्ष. कलमाचा आकडा पक्का नसेल तर 'करार कायद्यानुसार' एवढंच लिहावं, चुकीचा आकडा टाकू नये.

वेळेचंही गणित आहे. तीन तासांत 100 गुण, म्हणजे 7 गुणांच्या प्रश्नाला बारा मिनिटं. पहिला प्रश्न सक्तीचा, उरलेल्या पाचांतले चार. आवडत्या प्रश्नावर वीस मिनिटं घालवली, की शेवटचा प्रश्न अर्धा राहतो. 38 मागे हेच कारण असण्याची शक्यता मोठी. तिला विचारा, शेवटचा प्रश्न पुरा झाला होता का.

इंटरवाली, भंवरकुआँ
काकू, तिसऱ्या-चौथ्या पेपरात, म्हणजे मॅथ्स-स्टॅट्स आणि इकॉनॉमिक्सला, पर्याय निवडायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. त्या भीतीनं खूप मुलं प्रश्न कोरे सोडतात. हिशेब करून बघा: चारांतला एक पर्याय बाद करता आला, तर अशा सहा प्रश्नांमागे सरासरी एक गुण पदरात पडतो. दोन बाद झाले तर आठांमागे तीन. काहीच कळत नसेल तर सोळांमागे जेमतेम एक, त्यासाठी वेळ घालवू नये. सरावाच्या पेपरात अंदाजानं दिलेल्या उत्तरांवर टिंब करायला सांगा, नंतर त्यातली बरोबर किती आली ते मोजावं. अंदाज कितपत खरे ठरतात हे तिचं तिलाच कळेल.

हे दोन पेपर जिवंत ठेवायला आठवड्याला प्रत्येकी एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून दोन तास. परीक्षा घेणाऱ्या आयसीएआय संस्थेच्या साइटवर आरटीपी (उजळणीचे पेपर), एमटीपी (सराव परीक्षेचे पेपर) आणि जुन्या पेपरांची उत्तरं फुकट आहेत, नवी पुस्तकं घेऊ नका. अकाउंट्समध्ये 'चूक की बरोबर' प्रश्नाचं कारण लिहिल्याशिवाय सोडू नये आणि वर्किंग नोट्स (आकडेमोड) उत्तराखालीच लिहाव्यात. ताळेबंद जुळला नाही तरी पायऱ्यांचे गुण मिळतात.

सुदामानगरकर
तिला विचारलं. लॉचा शेवटचा प्रश्न अर्धाच राहिला होता. मग सप्टेंबरच ना?

लॉ शिकवणारा
हो, सप्टेंबर. पाया तयार आहे, आणि जानेवारीपर्यंत मध्येच पोकळी पडते. बेरीज 150 च्या आसपास असती तर मी स्वतःच जानेवारी म्हटलं असतं. पण त्याच सुमारास गणपती येतात. गल्लीतले स्पीकर, घरी पाहुणे, अनंत चतुर्दशीला झांक्यांनी (चित्ररथांनी) बंद झालेले रस्ते. ते दिवस वाचनालयात जागा बघून आत्ताच ठरवून टाका.

एक मावशी, तुकोगंज
ताई, हे सगळं ती जेवायला लागल्यावर. आठवडाभर गुणांचा विषय काढू नका, झोपेची वेळ मात्र सांभाळा. सुरुवात एकाच प्रश्नानं करा: लॉचा एक प्रश्न, बारा मिनिटं, मग वही बंद. आरतीला आलेल्या नातेवाइकांना काय सांगायचं ते आधी तिलाच विचारून ठरवा, आणि उत्तर तुम्ही द्या. झोप-जेवण दोन आठवड्यांतही रुळावर आलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली तर दोन आठवडे थांबू नका. तिला एकटी सोडू नका, लगेच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावा. फुकट आहे, चोवीस तास लागतो.