पदनामाला स्त्रीलिंगी प्रत्यय हवा की नको?

रफार (धागा सुरू करताना)

एखाद्या पदावर बाई आली की पदनामाचंही स्त्रीलिंग करावं, असा आग्रह वाढतोय: संचालिका, लेखापरीक्षिका, अधीक्षिका. माझं मत याच्या विरुद्ध आहे. काम करणारी माणसं बदलली की भाषा वळतेच, पण मराठीत ती क्रियापदात वळते. 'न्यायाधीश म्हणाल्या', 'इंजिनियर रजेवर गेली'. कोण बोललं, कोण गेलं हे कळतं आणि पद जसंच्या तसं राहतं.

जुने शब्द आठवा. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. डॉक्टरीणबाई स्वतः डॉक्टर असतील किंवा नुसत्या डॉक्टरांच्या सौभाग्यवती. हा प्रत्यय काम सांगत नव्हता, नातं सांगत होता. फ्रेंचमध्येही तेच. 'आंबासाद्रिस' म्हणजे बराच काळ राजदूताची पत्नी.

रशियन भाषेने दुसरी वाट धरली. सोव्हिएत काळात डॉक्टरांमध्ये बायका बहुसंख्य झाल्या, तरी 'व्राच' हा पुल्लिंगी शब्द तसाच राहिला. लोक क्रियापद बदलून 'व्राच प्रिश्ला', म्हणजे 'डॉक्टर आली', म्हणू लागले. प्रत्यय लावून झालेला 'व्राचिखा' हा शब्द हिणवण्यासाठी उरला. प्रत्ययाने मान वाढत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

काकपद

रफार, तुमचं फ्रेंच उदाहरण अर्धवट आहे. 'आंबासाद्रिस'चा आजचा पहिला अर्थ स्त्री राजदूत हाच आहे, पत्नी हा अर्थ मागे पडला. म्हणजे नातं सांगणारा प्रत्यय पद सांगू लागू शकतो. पण ते आपोआप झालं नाही. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताच्या भाषा कार्यालयाने १९७९ मध्येच स्त्रीलिंगी पदनामांची शिफारस केली. पॅरिसच्या फ्रेंच अकादमीने मान्यता दिली फेब्रुवारी २०१९ मध्ये. मधली चाळीस वर्षं लोक वापरत राहिले, भांडत राहिले, म्हणून शब्द रुळले.

रशियन उदाहरणाचीही दुसरी बाजू आहे. दवाखान्यात बायका बहुसंख्य होत्या, पण विभागप्रमुख आणि वरच्या संशोधनपदांवर पुरुषांचंच प्रमाण जास्त होतं. 'शब्द बदलला नाही तरी भूमिका बदलली' हे निम्म्या जिन्यापर्यंतच खरं आहे.

आणि क्रियापद नसेल तिथे काय? दारावरची पाटी, पदांची यादी, 'संचालक पाहिजेत' ही जाहिरात. तिथे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुरुषच येतो. जर्मन आणि बेल्जियन प्राथमिक शाळांतल्या ५९१ मुलांवरचे प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. परंपरेने पुरुषांचे मानलेले व्यवसाय दोन्ही लिंगांच्या जोडरूपात सांगितले, तेव्हा 'हे मला जमेल' असं मुलांना जास्त वाटलं.

रफार

तोच अभ्यास पुढे वाचा. 'जमेल' असं का वाटलं? कारण जोडरूपात सांगितलेला व्यवसाय मुलांना कमी अवघड वाटला. बाईचा उल्लेख झाला की काम सोपं वाटतं, हीच तर माझी तक्रार आहे.

काकपद

मग तो दोष ऐकणाऱ्याच्या समजुतीचा. त्यासाठी बायकांनी पदनामात अदृश्य राहायचं का?

दंडविराम

दोघेही पदनामाला चिकटून बसलात. अर्ज, नियमावल्या आणि अॅपमधले संदेश लिहिताना खरी अडचण वाक्यरचनेत येते, आणि ती बरीचशी सुटते.

'पात्र उमेदवार निवडला जाईल' यात उमेदवार पुरुष ठरतो. 'पात्र उमेदवाराची निवड होईल' असं लिहा. क्रियापद आता 'निवड' या नामाशी जुळतं, उमेदवाराशी नाही. 'अर्जदार हजर राहिला नाही तर' ऐवजी 'अर्जदार हजर नसल्यास'.

प्रतिज्ञापत्रात 'जाहीर करतो/करते' ही तिरकी रेघ असते आणि लोक त्यातलं एक खोडायला हमखास विसरतात. 'जाहीर करीत आहे' सगळ्यांना चालतं. प्रथमपुरुषी भविष्यकाळही निर्धोक आहे, 'मी बांधील राहीन'. 'मी ही अट वाचली आहे' यातही अडचण नाही, कारण क्रियापद अटीशी जुळतं. घोटाळा होतो तो 'गेलो', 'होतो', 'समजलो' अशा, बोलणाऱ्याच्या लिंगाशी जुळणाऱ्या भूतकाळी रूपांत. ती टाळा.

अॅपमध्ये नावापुढे 'सामील झाले' असा संदेश ठेवला की निम्म्या लोकांसाठी तो चुकतो. '… यांनी प्रवेश केला' ठेवा. मात्र शोधा-आणि-बदला करून हे होत नाही. 'निवडला'च्या जागी 'निवड' घातलं तर मागच्या 'उमेदवार'ला 'ची' लागायची राहते. वाक्य एकेक करूनच बदलावं लागतं.

सानुनासिक

दंडविराम यांचा मार्ग मला सर्वांत पटतो, आणि त्याचं एक कारण इथे कुणी काढलंच नाही. जी व्यक्ती स्वतःला स्त्री किंवा पुरुष मानत नाही, तिला 'संचालक/संचालिका' यात जागाच नाही. 'जाहीर करीत आहे' यात आहे. जोडरूपाने एक दार उघडतं आणि दुसरं बंद होतं.

स्वीडिशमध्ये 'हेन' हे तटस्थ सर्वनाम १९६०च्या दशकात सुचवलं गेलं आणि २०१५ मध्ये स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत आलं. इंग्रजीत 'थॉन' हे तसंच तटस्थ सर्वनाम १९३४ मध्ये एका मोठ्या अमेरिकन कोशात गेलं, पण १९६१च्या आवृत्तीतून काढलं गेलं, कारण लोक ते बोललेच नाहीत. हाताशी असलेली रूपं निवडून वापरणं म्हणूनच जास्त खात्रीचं.

काकपद

तटस्थ लिहिल्याने सगळे दिसतात, हे गृहीतक आहे. इंग्रजीने स्त्रीलिंगी प्रत्यय गाळले, जर्मनने लावले. हेतू दोन्हीकडे समतेचाच. ज्या व्यवसायात बायका आधीच भरपूर आहेत तिथे तटस्थ शब्द चालतो. जिथे पहिलीच बाई येतेय तिथे ती दिसलीच पाहिजे.

हलन्त

लिंगाच्या प्रत्ययापेक्षा पदाची श्रेणी बघा. यंत्रं येण्याआधी 'कॉम्प्युटर' ही माणसाची नोकरी होती, हाताने आकडेमोड करण्याची. अमेरिकेत लँगली इथल्या विमानविद्या प्रयोगशाळेत १९३५पासून स्त्रिया हे काम करत. त्यांच्यातल्या अनेकींकडे गणिताची पदवी होती, तरी त्यांची नेमणूक 'उपव्यावसायिक' श्रेणीत व्हायची, आणि तसल्याच पात्रतेचे पुरुष अभियंत्यांच्या श्रेणीत लागायचे. पगार आणि बढती दोन्ही तिथेच ठरलं. 'कॉम्प्युटर' या शब्दाला तर स्त्रीलिंगी प्रत्ययही नव्हता. पुढे यंत्र आलं, शब्द यंत्राकडे गेला. त्यांच्यातल्याच डोरोथी वॉन फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकल्या म्हणून टिकल्या.

काकपद

हे मान्य. पण मग श्रेणी आणि लिंग दोन्ही तपासायला नोंद लागते, आणि तटस्थ पदनामांच्या यादीतून किती बायका कोणत्या श्रेणीत अडकल्यात हे कळणारच नाही.

दंडविराम

नोंद पदनामात ठेवू नका. 'अधीक्षक' आणि 'अधीक्षिका' अशा दोन नोंदी केल्या की एकच पद यादीत दोनदा येतं, एकूण जागा मोजताना आकडे फुटतात आणि 'अधीक्षक' असा शोध घेतला तर निम्मी माणसं गळतात. पदनाम एकच ठेवा. लिंग वेगळ्या रकान्यात, ज्याचं त्याने सांगितलेलं, 'सांगायचं नाही' हा पर्याय धरून. श्रेणी तिसऱ्या रकान्यात. मग श्रेणीनिहाय मोजणी करा आणि ती दरवर्षी जाहीर करा.

रफार

यावर माझी सही. पाटीवर मात्र 'संचालक'च लिहा.

काकपद

पाटी ज्या बाईची, तिला विचारून लिहा.