ऑटोकम्प्लीटवरून एडिटर ठरवू नका

"विममध्ये ऑटोकम्प्लीट धड चालत नाही, म्हणून व्हीएस कोडला पर्याय नाही" असं म्हणणारे भेटतात. (विम आणि व्हीएस कोड हे कोड लिहायचे एडिटर; ऑटोकम्प्लीट म्हणजे टाइप करताना पुढचं नाव आपोआप सुचवणं.) दहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. पण २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटर आणि लँग्वेज सर्व्हर यांच्यातल्या बोलण्याचे ठरलेले नियम) खुला केला आणि ही सगळी अक्कल एडिटरच्या बाहेर गेली. नावं सुचवणं, डेफिनिशनवर उडी मारणं, चुकीखाली लाल रेघ ओढणं ही कामं लँग्वेज सर्व्हर नावाचा वेगळा प्रोग्रॅम करतो, एडिटर फक्त त्याला विचारतो. निओविममध्ये (विमची नवी आवृत्ती) या सर्व्हरशी बोलणारा क्लायंट ०.५ पासून (२०२१) अंगभूत आहे, ईमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरच्या २९ व्या आवृत्तीसोबत एगलॉट हा तसाच क्लायंट येतोच. मी एकच सी प्लस प्लस प्रोजेक्ट क्लँगडी (सी प्लस प्लसचा लँग्वेज सर्व्हर) लावून निओविम आणि व्हीएस कोड दोन्हीकडे उघडून पाहिला. एरर शब्दशः तीच!

डीबगरच्या (चालता प्रोग्रॅम थांबवून चूक शोधायच्या साधनाच्या) बाबतीत मात्र व्हीएस कोड पुढे, मान्य. ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती खूण) लावून व्हेरिएबल बघायची सोय व्हीएस कोडमध्ये हाताशी असते. निओविममध्ये तेवढ्यासाठी माझा अख्खा रविवार कॉन्फिग फाइलमध्ये गेला, आणि मीच घातलेला एक कीमॅप (कीबोर्ड शॉर्टकट) अजून उलटा चालतोय (दुरुस्त करायचा कंटाळा). त्यामुळे डीबगिंगपुरता व्हीएस कोड उघडतो, तोही विमचं एक्स्टेन्शन टाकून. बोटांना आता दुसरं काही सुचतच नाही.